तेंदूचा पैसा आणि मामेसासऱ्यांचे तीस टक्के

पत्र आलंय पूर्व गडचिरोलीतून, विडीसाठी विकलेल्या तेंदूपानाच्या पैशाबद्दल. लिहिणारीने नाव छापू नका म्हटलंय, म्हणून गावाचंही नाव गाळतो. पत्र थोडं आटोपतं करून देतो:

«भाऊ, आमचं गाव 62 घरांचं. गट ग्रामपंचायतीत चार गावं आहेत, पंचायतीचं ऑफिस दुसऱ्या गावात. आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालेला आहे, त्यामुळे तेंदू आम्ही ग्रामसभेतर्फेच विकतो. यंदा 190 गोणी पान गेलं. रॉयल्टी गोणीमागे 6,000 रुपये ठरली होती. त्यातले 9 लाख ग्रामसभेच्या खात्यात आले, बाकीचे कंत्राटदाराकडे आहेत. तोडाईची मजुरी ज्याची त्याला वेगळी मिळाली. मी ग्रामसभेच्या समितीची कोषाध्यक्ष. बारावी झालेली सून म्हणून मला केलं. सरपंच माझे मामेसासरे लागतात. ते म्हणतात, जंगल सरकारचं, गाव पंचायतीचं, तर तीस टक्के पंचायतीत भरा. पोरं म्हणतात, सगळे घरोघरी वाटून मोकळे व्हा. म्हाताऱ्यांना सभामंडप पाहिजे. माझे मालक म्हणतात, मामाला दुखवू नको, तू फक्त सही कर. चेकबुक माझ्या पेटीत आहे आणि मला झोप नाही. अजून एक सांगते. कंत्राटदाराच्या दिवाणजीने समितीतल्या पाच जणांना पाच-पाच हजार दिले. माझं पाकीट अजून तसंच आहे. काय करू?»

ताई,

आधी पाकिटाचं बोलू, कारण ते सोपं आहे आणि ते सुटल्याशिवाय बाकीचं तुम्हाला सुटणार नाही. ते पाच हजार उद्याच ग्रामसभेच्या खात्यात भरा. भरणा पावतीवर «दिवाणजीकडून मिळालेले, ग्रामसभेस जमा» असं लिहा आणि पावती रोकडवहीत चिकटवा. परत द्यायला जाऊ नका. परत घेतले याचा कागद तो तुम्हाला देणार नाही, आणि पुढच्या वर्षी «ताईंनी तर घेतले होते» असं फडीवर, म्हणजे पान गोळा होतं तिथे, बसून सांगेल. बाकीच्या चौघांना भाषण देऊ नका. तुमची पावती वहीत दिसली की ज्याला कळायचं त्याला कळेल. दिवाणजी कोणाला उगाच खुशी देत नाही. फडीवर पानांचे पुडे मोजताना, हलकं पान बाजूला काढताना, किंवा हिशेबाच्या शेवटच्या कागदावर सही घेताना त्या पाच हजारांची आठवण करून दिली जाते. मी हे बसून पाहिलेलं आहे.

आता तीस टक्के.

मामेसासरे खोटं बोलतायत असं मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यात जुनं चित्र आहे. जंगल वनविभागाचं, तेंदूचे घटक वनविभाग लिलावात काढणार, पैसा सरकारी तिजोरीत जाणार, आणि खर्च वजा करून काही उरलं तर तोडणाऱ्याला प्रोत्साहन मजुरी म्हणून खाली झिरपणार. या चित्रात गावाला मिळतो तो हिस्सा. वरून कोणीतरी काढून दिलेला. आणि हिस्साच असेल तर पंचायतीलाही त्यातला हिस्सा हवा, हे त्यांचं तर्कशास्त्र बरोबरच आहे. शिवाय पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, लागू असलेल्या काही भागांत तेंदूचे लिलाव चार-पाच गावं एकत्र करून पंचायतीच्या पातळीवर झालेले त्यांनी ऐकले असतील. ते एखादं कात्रणही दाखवतील. 1996 च्या पेसा कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या, मालकीबद्दल «योग्य स्तरावरची पंचायत आणि ग्रामसभा» असे दोन्ही शब्द आहेत, त्यातल्या पहिल्या शब्दावर ते बोट ठेवतील.

पण तुमच्या गावाचा हक्क तेवढ्यावर उभा नाही. तुमच्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा पट्टा आहे. त्या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपान आणि बांबू नावानिशी लिहिलेले आहेत, आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा मालकी हक्क गावाला दिलेला आहे. 2012 मध्ये नियम सुधारले तेव्हा दोन गोष्टी आणखी पक्क्या झाल्या. एक, या वनोपजाच्या गोळा करण्यावर कोणतीही रॉयल्टी, फी किंवा आकार लावता येणार नाही. दोन, विक्रीतून आलेला पैसा कसा वापरायचा, याचे समितीने घेतलेले निर्णय ग्रामसभेने मंजूर करायचे. नियम 4 मध्ये हे आहे. तिथे पंचायतीचा उल्लेख नाही, सरपंचाचा नाही, आणि हेही ऐकून घ्या, कोषाध्यक्षाचाही नाही. म्हणजे तीस टक्के द्यायला तुम्हाला अधिकार नाही, आणि नाकारायलाही नाही. तुमच्याकडे आहे ती फक्त सही, आणि ती ठरावाच्या मागून चालते.

गंमत बघा. कंत्राटदार तुमच्या गावाला देतो त्या रकमेलाही आपण रॉयल्टीच म्हणतो. शब्द सरकारचा, तोंडात बसलेला. खरं तर ती तुमच्या मालाची किंमत आहे. मालक स्वतःचा माल विकून रॉयल्टी घेत नाही. पण एकदा रॉयल्टी म्हटलं की तो पैसा कोणाच्या तरी मेहेरबानीचा वाटायला लागतो, आणि मग त्यात वाटेकरी उभे राहतात. पुढच्या करारनाम्यात तरी «विक्रीची किंमत» असं लिहा. तुमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळाला होता, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला 27 एप्रिल 2011 उजाडावं लागलं. तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा ते मिळालं. मधली दीड-दोन वर्षं भांडण एकाच गोष्टीवर चाललं होतं, बांबू हे झाड की गवत. झाड म्हटलं तर वनविभागाचं, गवत म्हटलं तर गावाचं. म्हणून म्हणतो, शब्दांना हलकं घेऊ नका.

आता मामेसासऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. त्या तुम्हाला आवडणार नाहीत.

पहिली. तुमच्या 62 घरांपैकी किती घरांची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली आहे? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी बावीस वर्षं ग्रामसेवक होतो, मला अंदाज आहे. नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, नाली, दाखले हे सगळं पंचायत करते, निदान तिने करायचं असतं. ती थकबाकी मागण्याचा सरपंचांना पूर्ण अधिकार आहे. पण थकबाकी म्हणजे हिस्सा नव्हे. ती घराची आहे, ग्रामसभेची नाही. ज्याच्या नावावर जेवढी बाकी, त्याने तेवढी भरायची आणि पावती घ्यायची. तेंदूची मजुरी हातात आलेली आहे तोवर हे करून टाका. ग्रामसभेत सरपंचांच्या तोंडावर एखादं पोरगं कायदा बोलायला उठेल आणि त्याच्याच बापाची चार वर्षांची पाणीपट्टी बाकी निघेल, तर सगळी सभा हसेल आणि तुमचा मुद्दा त्या हसण्यात वाहून जाईल.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. पंचायतीतल्या बाकीच्या तीन गावांपैकी कोणाच्या बायका तुमच्या जंगलात मोहफूल वेचायला, सरपण न्यायला पिढ्यानपिढ्या येत होत्या का? पट्ट्याची हद्द कागदावर पडली की जंगल एका रात्रीत आपलं होतं आणि शेजारच्या गावची म्हातारी चोर होते. हे मी पाहिलंय. तीस टक्क्यांची मागणी सरपंचांच्या तोंडून येत असेल, पण तिच्यामागे त्या गावांचा राग असू शकतो. तो राग पैशाने शमणार नाही. त्या गावातली चार माणसं, त्यात दोन बायका, बोलवा आणि विचारा की तुम्ही आमच्या हद्दीत काय काय न्यायचात. जे पूर्वापार होतं ते नेऊ देण्याचा ठराव करा. त्यांचा स्वतःचा दावा दाखल झाला नसेल तर तुमची फाईल त्यांना दाखवा, नकाशा कसा केला, पुरावे कोणते जोडले, हे सांगा. तुमच्याकडे ते ज्ञान आहे. तीन लाखांपेक्षा ते त्यांच्या जास्त कामाचं आहे. कोरचीकडे महाग्रामसभा, म्हणजे अनेक ग्रामसभांची एकी, उभी राहिली ती अशीच, गावांनी एकमेकांना धरून.

आणि पंचायत अगदी रिकामी आहे असंही नाही. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि त्यातून काय करायचं हे ग्रामसभांनी ठरवायचं असतं. तुमच्या गावाच्या वाट्याला त्यातून आजवर कोणतं काम आलं, हे सरपंचांना जरूर विचारा. भांडायच्या सुरात नको. «मामा, आमच्या गावचं कोणतं काम घेतलं यंदा, मला वहीत लिहायचं होतं,» असं. मग तीस टक्क्यांचं बोलणं आपोआप थोडं हळू होतं.

माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. मी ज्या पंचायतीत होतो तिथल्या एका टोल्याने, म्हणजे छोट्या वस्तीने, मोहाच्या आणि तेंदूच्या पैशातून साठवलेली रक्कम पंचायतीत भरली. नाल्यावर छोटा बंधारा बांधायचा होता, सरपंच म्हणाले आपण अंदाजपत्रक करू, थोडी भर पंचायत घालेल. मी पावती फाडली. माझ्या सहीची. पैसा सर्वसाधारण निधीत गेला. त्या निधीतून दोन महिन्यांत विजेचं बिल गेलं, शिपायाचा थकलेला पगार गेला, एका पाहुण्या साहेबांच्या दौऱ्याचं जेवण गेलं. कोणी खाल्ला असं मी म्हणणार नाही. जिथे भोक होतं तिथे पाणी गेलं, एवढंच. पावसाळ्याआधी टोल्यावरचा म्हातारा पावती घडी करून बंडीच्या खिशात घालून आला आणि काउंटरवर ठेवून म्हणाला, «साहेब, बंधारा?» मी त्याला सांगितलं की अंदाजपत्रक वर गेलंय. ते कुठेही गेलेलं नव्हतं.

म्हणून टक्क्यात कधी देऊ नका. टक्का म्हणजे दरवर्षीचा पायंडा. यंदा तीस दिले की पुढच्या सरपंचाला ते हक्काचे वाटतील, आणि कशासाठी दिले हे विचारायची सोय राहणार नाही. गावाला वाटलं की पंचायतीसोबत एखादं काम करावं, समजा तुमच्या गावच्या शाळेची गळकी खोली किंवा हातपंपाभोवतीचा ओटा, तर त्या कामाची रक्कम ठरवा, कामाच्या नावाने ठराव करा, आणि साहित्याचं बिल ग्रामसभेच्या खात्यातून थेट दुकानदाराला द्या. पंचायतीच्या खात्यात पैसा जायचं कारणच नाही.

अमेरिकेतल्या एका गोष्टीची आठवण या निमित्ताने होते. तिथे 1908 पासून कायदा आहे की राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नातला 25 टक्के हिस्सा तिथल्या स्थानिक शाळा आणि रस्त्यांसाठी द्यायचा. कारण सरकारी जंगलावर त्या स्थानिक सरकारांना कर लावता येत नाही. अनेक दशकं हे छान चाललं. झाडं कापली जात होती, शाळा चालत होत्या. 1990 च्या दशकात तिथल्या पश्चिमेकडच्या जंगलांत घुबडाच्या एका जातीला वाचवण्यासाठी तोड आवरली गेली, लाकडाची विक्री कोसळली, आणि शाळांचं बजेटही त्यासोबत कोसळलं. शेवटी 2000 मध्ये वेगळा कायदा करून केंद्राच्या तिजोरीतून पैसा द्यावा लागला, आणि त्याची मुदत संपत आली की दरवेळी तिथे धाकधूक सुरू होते. मला त्यातून एवढंच दिसतं की महिन्याच्या महिन्याला लागणारा खर्च जंगलाच्या पैशाला बांधला की गाव झाड कापायच्या बाजूने बोलायला लागतं. तुमच्याकडे कोणी म्हणालं की तेंदूच्या पैशातून शिकवायला एक पोरगी पगारावर ठेवू, तर मन चांगलं आहे, पण ज्या वर्षी पान पिकणार नाही त्या वर्षी तिला काय सांगाल?

आणि पान न पिकणं, किंवा पिकून न विकणं, तुम्हाला नवीन नाही. 2017 मध्ये तुमच्या जिल्ह्यात तेंदूला असे भाव आले की गावागावात नव्या मोटरसायकली दिसल्या. त्याच वर्षी तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी आला. पुढच्या वर्षी कंत्राटदार फिरकेनात, जे आले ते पाडून मागत होते, आणि काही गावांचे आधीचेच पैसे अडकले. त्या वर्षी ज्या ग्रामसभेकडे काही शिल्लक होतं तिला «नाही देत या भावाने» म्हणता आलं. बाकीच्यांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पान झाडावर करपत असताना, जो भाव मिळाला तो घेतला.

पोरांचं म्हणणं इथेच अडतं. सगळे वाटून टाका म्हणतात. हिशेब करून बघा. 190 गोणी गुणिले 6,000 म्हणजे 11 लाख 40 हजार. आलेत 9 लाख. 2 लाख 40 हजार कंत्राटदाराकडे आहेत आणि माल तर गावाबाहेर गेला. मामेसासऱ्यांचे तीस टक्के 11 लाख 40 हजारांवर धरले तर 3 लाख 42 हजार होतात; ते त्यांनी आधी उचलले आणि कंत्राटदार बुडवून गेला, तर गावाला 5 लाख 58 हजार उरतात. पोरांच्या हिशेबाने 9 लाख 62 घरांत वाटले तर घराला साडेचौदा हजार येतात. वाईट नाहीत. पण पुढच्या वर्षी खुटकटाईची, म्हणजे हंगामाआधी तेंदूची झुडपं छाटण्याची, मजुरी कशातून द्याल? कंत्राटदार आला नाही आणि स्वतः तोडून, वाळवून, बोद म्हणजे पोती भरून ठेवायचं ठरलं, तर तोडणाऱ्यांना रोजच्या रोज चुकवायला रोकड कुठून आणाल? 190 गोणी म्हणजे 1 लाख 90 हजार पुडे, दर पुड्यात 70 पानं. पहाटे तीन-चारला जंगलात गेलेली बाई दुपारी फडीवर पुडे मांडते तेव्हा तिला «माल विकल्यावर देतो» असं सांगता येत नाही.

तुम्ही माझं मत विचारलंय म्हणून सांगतो. तुमच्या गावाने वेगळं ठरवलं तर तेच खरं. मी तुमच्या जागी असतो तर न आलेले 2 लाख 40 हजार हिशेबातच धरले नसते. आलेल्या 9 लाखांतले तीन लाख पुढच्या हंगामासाठी मुदत ठेवीत टाकले असते, तिघांच्या सहीशिवाय न मोडणाऱ्या. दीड लाख जंगलासाठी. आग पसरू नये म्हणून जाळरेषा, उन्हाळ्यात आग राखणाऱ्यांची रोजी, हद्दीवरचे दगड. तेंदूच्या नव्या पानासाठी कोणी चोरून आग लावतं की नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे हा दीड लाख मी शेवटी उरला तर ठेवू असं म्हटलं नसतं, पहिल्यांदा बाजूला काढला असता. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांना 2012 मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला. ते गाव बांबूवर चालतं आणि त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं, कारण पानासाठी झाड छाटलं की फळ धरत नाही, आणि ते फळ माणसं खातात, पाखरंही खातात. तुमच्या गावाने असं करावं असं मी सुचवत नाहीये. तुमच्याकडे बांबू किती आहे मला माहीत नाही. पण इतकी मोकळीक तुमच्या हातात आहे, हे पोरांना ऐकवा.

राहिलेल्या साडेचार लाखांतला मोठा भाग घरोघरी जाऊ द्या. पोरं चुकीची नाहीत. घरात पैसा आला नाही तर रात्री आगीमागे धावायला कोण येईल? फक्त कसा वाटायचा, यावर गावाला एक पूर्ण संध्याकाळ भांडू द्या. पुड्यांच्या संख्येवर वाटला तर ज्या घरात पाच हात आहेत ते घर वर जातं. घरावर समान वाटला तर जे पहाटे गेलेच नाहीत त्यांनाही मिळतं. तोडणाऱ्याला त्याच्या पुड्यांची मजुरी आधीच मिळालेली आहे, हे लक्षात ठेवा. हा जो पैसा आहे तो जंगल गावाचं आहे म्हणून आलाय, आणि जंगल त्या घराचंही आहे ज्यात फक्त एक विधवा म्हातारी राहते आणि जिच्याकडून आता वाकवत नाही. माझं झुकतं माप समान वाटपाकडे आहे. तुमच्या गावात अशी घरं किती आहेत ती नावं घेऊन मोजा, आकडा तीन असो की सात. नावं घेतली की पोरांचा आवाज उतरतो.

सभामंडप यंदा नको. म्हाताऱ्यांना माझं नाव सांगा.

आता सभेचं. वनहक्काच्या नियमात गणपूर्ती निम्म्या प्रौढांची आहे, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत. तुमच्या गावात समजा 210 प्रौढ असतील तर 105 माणसं, त्यात 35 बायका, आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे प्रोसिडिंगात. ही ग्रामसभा तुमच्या गावाची, चार गावांची मिळून पंचायतीची जी ग्रामसभा भरते ती नव्हे. सरपंच म्हणतील की तिथे ठराव घेऊ. तिथे घ्यायचा नाही. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, भाताच्या रोवणीचा टाळा, आणि सभा दिवेलागणीनंतर ठेवा. दुपारच्या सभेला बायका येत नाहीत आणि मग सह्या घरोघरी फिरून घ्याव्या लागतात. तसल्या सह्यांचा ठराव पहिल्याच तक्रारीत पडतो.

सभेच्या दोन दिवस आधी बँकेत जाऊन पासबुक भरून आणा, त्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक गोटुलाच्या, म्हणजे गाव जमतं त्या घराच्या, भिंतीला लावा. करारनाम्याचीही लावा, म्हणजे गोणीमागचा भाव सगळ्यांना दिसेल. वाचता न येणारे वाचता येणाऱ्याला घेऊन येतील. कंत्राटदाराकडची बाकी मोठ्या अक्षरात वेगळी लिहा. पंधरा दिवसांत भरा असं पत्र त्याला ग्रामसभेच्या शिक्क्याने, पोच घेऊन, सभेच्या आधी पाठवा. पुढच्या करारात पैसे आधी, माल नंतर, हे कलम घाला. आणि खात्याला पॅन आहे का, लेखापरीक्षण कोण करतं, हे एका सनदी लेखापालाला विचारून घ्या. यात मी तुम्हाला काही शिकवण्यात अर्थ नाही.

मामेसासऱ्यांसमोर तुम्ही कसं बोलायचं? तुम्ही बोलूच नका. खरंच. कोषाध्यक्षाने हिशेब वाचायचा असतो. जमा वाचा, खर्च वाचा, बाकी वाचा, दिवाणजीचे पाच हजारही वाचा, आणि खाली बसा. तीस टक्क्यांची मागणी ज्याची आहे त्याने ती सभेत मांडायची. सभेच्या आधी एकदा घरी जा, चहा घ्या, आणि मामांना म्हणा, «तुमची मागणी मी विषयपत्रिकेवर तुमच्या नावाने लिहिते, तुम्ही पंचायतीच्या लेटरहेडवर कशासाठी किती ते लिहून द्या.» तुमच्याकडून मान गेला असं व्हायला नको. ते सासरकडचे वडीलधारे आहेत, उद्या लेकीच्या लग्नात पुढे उभे राहणार आहेत. पण लेटरहेडवर «कशासाठी» लिहायला बसल्यावर बहुतेक सरपंच तीस टक्के लिहीत नाहीत. एखादं काम लिहितात. तसं झालं तर चांगलंच. ते काम गावाला पटलं तर करा.

आणि मालकांना सांगा की सही करणाऱ्यालाच हिशेब विचारतात. लेखापरीक्षण आलं की मामा येत नाहीत, मालकही येत नाहीत, ज्याची सही तो उभा राहतो. मी उभा राहिलेलो आहे.

चेकबुक पेटीतून काढा. ते सचिवाकडे ठेवा, पासबुक तुमच्याकडे आणि शिक्का अध्यक्षाकडे. तीन घरांत तीन वस्तू. मेंढा-लेखात ठराव सर्वसहमतीने होतात, एकाचंही म्हणणं राहिलं तर पुन्हा बसतात. तुमच्याकडे एका सभेत नाही जमलं तर दुसरी घ्या. पैसा खात्यात आहे, तो पान नाही वाळून जायला. पहिल्या सभेत मात्र त्या एकट्या म्हातारीला पुढे, दिव्याच्या उजेडात बसवा. यादी वाचताना तिचं नाव कितव्या नंबरवर आलं ते मला कळवा.